नसलेल्या यंत्रातली नसलेली कार्डं

आमच्या गल्लीत मला कंपुटरवाली आजी म्हणतात. या नावापायी माझ्या दारात काय काय येतं, ते ऐका. कोणाचा मोबाईल पाण्यात पडला, आणा आजीकडं. कोणाच्या टीव्हीत चित्र आहे पण आवाज नाही, बोलवा आजीला. परवा एक गृहस्थ चक्क मिक्सर घेऊन आले. मी म्हटलं, “भाऊ, मी कंपुटरमध्ये होते.” ते म्हणाले, “म्हूनच तं आणला ना. याच्यात बी वायर हाये.” मी मिक्सर उलटा केला, बुडाचं लाल बटण दाबलं, सुरू झाला. त्या दिवसापासून माझी कीर्ती पार शेलूबाजारपर्यंत पोचली आहे.

खरं सांगायचं तर मी जन्मभर नेमकं काय काम केलं हे आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. पुष्कळ वेळा मलाही कळत नव्हतं. फरक एवढाच की मला न कळण्याचा पगार मिळायचा.

पुण्याच्या एका विमा कंपनीत मी मेनफ्रेमवर होते. मेनफ्रेम म्हणजे तळघरात थंड हवेत उभं असलेलं एक काळं कपाट. दिसायला फ्रिजचा थोरला भाऊ. पण त्याच्या पोटात सगळ्या पॉलिस्या, सगळे हप्ते, सगळ्यांचे वारस. आणि त्याचा मोठा गुण असा की ते एक असून अनेक असतं. शेलूबाजारच्या फाट्यावर ज्यांनी जीप भरताना पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. जीप नऊ जणांची. आत बसलेले वीस. तरी ड्रायव्हर प्रत्येकाला म्हणतो, “या ना, तुमची सीट हाये.” आणि प्रत्येक जण कुठंतरी टेकतोच, आणि जीप आपल्यासाठीच निघाली या समजुतीत घरी पोचतो. मेनफ्रेममध्ये असाच एक ड्रायव्हर असतो. तो एका यंत्राची शेकडो यंत्रं करून दाखवतो. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. म्हणजे नसलेली यंत्रं. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत, आपली स्वतःची डिस्क आहे, स्वतःची मेमरी आहे आणि, इथं हसायचं नाही, स्वतःचा कार्ड रीडर आहे.

कार्डं म्हणजे पंचकार्डं. जाड कागदाची, भोकं पाडलेली. एका कार्डावर एक ओळ, एका ओळीत ऐंशी घरं. खरी कार्डं केव्हाच रद्दीत गेली, पण मेनफ्रेमला ते कोणी कळवलंच नाही. आत अजूनही नसलेल्या यंत्राच्या नसलेल्या रीडरमध्ये नसलेली कार्डं घालता येतात.

मी मात्र खऱ्या कार्डांच्या काळातली. कार्डं पंच करायलाच मी नोकरीला लागले. तेव्हाची ती किन्हीराजा गावची पोर आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. पहिल्याच आठवड्यात नवी साडी नेसून, डोक्यात गजरा माळून बाई कार्डांचा ट्रे घेऊन जिना चढत होत्या. पाय निऱ्यांत अडकला. अख्खा प्रोग्राम जिनाभर पसरला. शहाणीनं काय करावं? सगळी कार्डं गोळा केली, कडा ठोकून सरळ केल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ट्रे जागेवर ठेवला. पत्ते पिसावेत तशी कार्डं पिसली गेली होती. यंत्रानं त्यातून जे काढलं त्यात एका पॉलिसीधारकाचं वय उणे निघालं. म्हणजे गृहस्थ अजून जन्मायचे होते आणि हप्ते भरत होते.

आमच्या सुपरवायझरांनी मला समोर बसवून शिकवलं. कार्डाची शेवटची आठ घरं क्रमांकासाठी मोकळी ठेवायची. यंत्र ती वाचत नाही, ती माणसानं वाचायची. कार्डं सांडली तरी क्रमांक पाहून पुन्हा लावता येतात. हे ज्ञान माझ्या डोक्यात असं शिरलं की नंतर काही केल्या बाहेर आलं नाही. कार्डं गेली, पडदे आले, तरी माझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी क्रमांक पडायचाच. घरातल्या डब्यांवरही पडला. आमच्या आक्का, म्हणजे माझी थोरली नणंद, स्वयंपाकघरात शिरल्या की आमचा संवाद ठरलेला.

“जिरं कोठी हाये?”

“सातमध्ये.”

“सात काहून? जिरं म्हन ना, बाप्पा.”

तर ही अशी क्रमांकाची बाधा झालेली बाई पन्नाशी ओलांडून गेली, आणि तिची लेक पहिल्या बाळंतपणासाठी वाशीमला आली. माझं सारं आयुष्य असं की मी पुण्यात नोकरीला आणि घर वाशीमला. प्रज्ञाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी नव्हते, दहावीच्या निकालाला नव्हते, ती तापानं फणफणली तेव्हा मी फोनवर होते. या वेळी मी तिला शब्द दिला होता की मी असेन. रजा काढून आले. हे सोयाबीन काढायला किन्हीराजाला शेतावर गेले आणि त्यांच्या बदल्यात तिकडून आक्का आल्या, डिंक, खारीक आणि सूचना घेऊन.

शुक्रवारी रेवती मॅडमचा फोन आला. मॅडम माझ्याहून वयानं लहान, हुद्द्यानं मोठ्या. म्हणाल्या, “ताई, सोमवारी वरिष्ठांना मेनफ्रेमवर लिनक्स चालताना दाखवायचंय. नाही दाखवलं तर योजनाच गुंडाळतील. इकडं कोणाला जमत नाहीये. तुम्ही तिथून बघता का? रविवारी संध्याकाळपर्यंत झालं तर उत्तम. नाहीतर रात्रीच्या बसनं तुम्हाला यावं लागेल.”

प्रज्ञा बाजेवर पडून ऐकत होती. “जाय ना आई,” ती म्हणाली, “आत्या हाये ना माझ्याजोळ.” एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

कार्डांची भाषा येणारी माणसं एकेक करून निवृत्त झाली होती. मी उरले होते, म्हणून मी. यात हुशारीचा काही संबंध नव्हता. पण त्या पंचावन्नच्या बाईला तेवढ्यानंही मूठभर मांस चढलं. “त्यात काय, उद्यापर्यंत करते,” असं ती फोनवर म्हणाली. मी आता तिच्या शेजारी असते तर तिच्या पाठीत एक धपाटा घातला असता.

लिनक्स ही कंपुटर चालवणारी व्यवस्था आहे. ती नव्या यंत्रात बसवायची म्हणजे नवं बिऱ्हाड थाटण्यासारखं आहे. रिकाम्या खोलीत माणूस येतो, तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला हाक मारतो, दुकानदार हवं ते सामान काढून देतो. हा दुकानदार म्हणजे वेब सर्व्हर. जगात सगळीकडं असंच करतात. आमच्याकडं घोडं तिथंच अडलं होतं.

“मॅडम, एक छोटासा वेब सर्व्हर द्या ना.”

“सुरक्षा विभाग त्या खोलीत वेब सर्व्हर ठेवू देत नाही, ताई.”

“मग यंत्रानं सामान आणायचं कुठून?”

“तेच तर तुम्हाला विचारतेय.”

बाकी राहिला एकच रस्ता, तो कार्डांचा. नसलेल्या रीडरमध्ये तीन गठ्ठे ठेवायचे. आधी लिनक्सचा गाभा, मग सूचनांचं कार्ड, मग सुरुवातीची शिदोरी. क्रम बदलला की संपलं. मग यंत्राला सांगायचं, रीडरमधून सुरू हो. म्हणजे एक इवलासा लिनक्स नुसत्या मेमरीत जागा होतो. त्याच्याकडून डिस्क झाडूनपुसून घ्यायची, ऑफिसातल्या पीसीवरून सगळं सामान त्या डिस्कवर ओतायचं, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करून नव्या कार्डावर सांगायचं, बाबा रे, दुकान नाही, सामान घरातच आहे, अमुक डिस्कवर बघ.

आता हे लिहिताना किती सोपं वाटतं. तेव्हा माझं काय झालं ते सांगते. मोबाईल खिडकीच्या गजांत खोवला होता, कारण नेट तिथंच यायचं. मेनफ्रेमच्या काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांना नेट फारसं लागत नाही, एवढीच मेहेरबानी. पहिल्यांदा मी गाभा पाठवला तो मजकूर समजून. लॅपटॉपची बाराखडी वेगळी, मेनफ्रेमची वेगळी. पाठवताना ‘जसंच्या तसं ने’ असं बजावावं लागतं, नाहीतर वाटेत सगळ्याचं भाषांतर होतं. यंत्रानं काय वाचलं कोण जाणे, ते गपगार पडलं. दुसऱ्यांदा कार्डं राखून ठेवायला सांगायचं राहिलं. रीडर एकदा वाचलेली कार्डं टाकून देतो. मी पुन्हा सुरू करते तर रीडर रिकामा. बराच वेळ मी त्या रिकाम्या रीडरवर संशय घेत बसले. आपणच राखायला सांगितलं नाही हे सोडून बाकी सगळ्या शक्यता तपासल्या.

शनिवारी दुपारी एकदाच्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. मी ओरडले, “आला!”

आक्का डिंक निवडत होत्या. “कोन आला वं?”

“लिनक्स!”

“मंग च्या टाकू का?”

“नको, तो राहणार नाही. जागा झाडून देईल आणि जाईल. खरा मागून येणार.”

“असं म्हन ना, कामाचा मानूस हाये,” आक्का म्हणाल्या. माझ्या सगळ्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन त्याआधी कोणी केलं नव्हतं.

त्या कामाच्या माणसानं डिस्क तयार केली. संध्याकाळपर्यंत सामान आलं. ते मी नीट पाहिलंही. रविवारी सकाळी नवं कार्ड लिहिलं, रीडरमध्ये गठ्ठे लावले, यंत्र सुरू केलं. लिनक्स जागा झाला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, सामान सापडलं नाही.

मी म्हटलं, असं कसं? कालच तर ठेवलं. पुन्हा केलं. सापडलं नाही. गठ्ठ्यांचा क्रम तपासला. बरोबर. डिस्कचा पत्ता तपासला. बरोबर. सामान काढून परत ठेवलं. सापडलं नाही. कपाटात ठेवलेली वस्तू कपाटात आहे, आपल्याला दिसते आहे, आणि दुसरा त्याच कपाटात डोकं घालून नाही नाही म्हणतो आहे. मला वाटायला लागलं की एक तर ते यंत्र नाही, नाहीतर मी नाही. आणि नियमानं पाहिलं तर ते यंत्र नव्हतंच.

मॅडमचा फोन आला, “बसचं तिकीट काढून ठेवू का, ताई?”

“ठेवा,” मी म्हटलं. प्रज्ञानं ऐकलं. आक्कांनी मात्र माझी बॅग ओढून काढली. “पुन्याले जाशीन तं लाडू घेऊन जाय. पन आधी वळू तं दे. डिंक तळून राह्यली मी, तू इकडं ये अन् कनीक भाज. हात मोकळेच हायेत तुये.”

आक्कांपुढं कोणाचं चालतं? मी लॅपटॉप उचलून प्रज्ञापुढं बाजेवर ठेवला. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि तिला सांगितलं, “मी कणीक भाजते. पडद्यावर काय येतं ते मोठ्यानं वाच.” प्रज्ञा बारावीला कॉमर्स शिकवते, तिला इंग्रजी वाचायचा सराव. मी कढईपाशी उभी, ती आतल्या खोलीतून वाचते आहे.

“काय म्हणतंय?”

“म्हणते, सामान...” ती थांबली. “...सापडलं नाई.”

“कुठं सापडलं नाही? पत्ता असेल बघ पुढं.”

ती वाचू लागली. दोन अक्षरं वाचायची, थांबायची. परत दोन वाचायची. मला वाटलं, नेट अडकतंय म्हणून ओळ तुकड्यातुकड्यानं येत असेल. मग वाटलं, पोरगी माझ्यावर रागावली आहे, मुद्दाम रडतखडत वाचते आहे. मी कढईवरून ओरडले, “अगं, एका दमात वाच ना! पोरांनाही असंच शिकवतेस का?”

आतून बाज करकरली. मग एका दमात वाचलं तिनं. डिस्कचं नाव, तिरपी रेघ, आणि पुढं, “शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य...”

“ते सोड. ते वाचायचं नसतं.”

“काहून?”

“तो कार्डाचा क्रमांक आहे. शेवटची आठ घरं. यंत्र ती वाचत नाही.”

“पण आई, यानं तं वाचली.” परत थांबली. “पत्त्याले चिकटून आली हायेत. त्याले कोणी सांगतलं का, वाचू नको म्हणून?”

“सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतं.”

“तो नवीन हाये ना?”

माझ्या हातातला उलथना थांबला. कणीक करपल्याचा वास मला आला नाही, आक्कांना आला.

लिनक्सनं जन्मात कधी कार्ड पाहिलेलं नव्हतं. जिना नाही, ट्रे नाही, निऱ्यांत अडकलेला पाय नाही. त्याच्या लेखी ओळ म्हणजे ऐंशीच्या ऐंशी घरं. आदल्या दिवशीची माझी ओळ आखूड होती, क्रमांक लांब कडेला पडले, त्याचं काही बिघडलं नाही. आज ओळ भरून निघाली होती, तिच्या टोकाला पत्ता आणि पत्त्याला खेटून माझे लाडके आकडे. तो बिचारा जगात नसलेल्या पत्त्यावर दार वाजवत होता. आणि मला ते दिसत का नव्हतं? तर आयुष्यभर माझे डोळे बहात्तराव्या घरापाशी थांबत आले होते. तिथून पुढं माझ्यासाठी पडदाच संपायचा. सकाळपासून मी ती ओळ दहादा वाचली असेल, आणि दहादा ती मला बरोबर दिसली.

मी पिठाच्या हातानंच क्रमांक घालणं बंद केलं, कार्ड नव्यानं लिहिलं, गठ्ठे लावले, सुरू केलं. सामान सापडलं. लिनक्स एकेक पुडकं उचलून आपल्या जागी लावू लागला. तो पुढं जे विचारणार त्याची सगळी उत्तरं मी आधीच लिहून दिली होती, आता नुसतं पाहायचं होतं. मी प्रज्ञाकडं वळले, “बघ! झालं!”

प्रज्ञाच्या कपाळावर घाम होता. बाजेची पाटी तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

“आई, आता जाऊ या का?”

“कुठं?”

“दवाखान्यात. सकाळपासून दुखून राह्यलं.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“तू कामात होती ना.”

ती हे कसल्याही तक्रारीशिवाय बोलली. लहानपणापासून तिला हे वाक्य पाठ होतं. आक्का मात्र मला जे बोलल्या ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

ऑटो मिळाला. प्रज्ञा, मी, आणि रस्त्यातले सगळे खड्डे. आक्का मागून गरम पाण्याचा थर्मास आणि कपडे घेऊन आल्या. प्रज्ञाला आत नेलं होतं. बाकावर टेकत आक्का म्हणाल्या, “अन् ते तुयं डबडं बंद करून आली मी. रिकाम्या घरात उगीच लाइट जळून राह्यला व्हता.”

 लिनक्स अर्ध्यात होता. बॅगेत मोबाईल वाजत होता, मॅडमनी बसचं तिकीट पाठवलं होतं. मी तो काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि बंद केला. हे मी कोणत्या विचारानं केलं म्हणता? कोणत्याही नाही. एकीकडं वाटत होतं, आता जावं लागणार. एकीकडं वाटत होतं, आता कोणी मारून टाकलं तरी जात नाही. आणि मध्येच वाटत होतं, कणीक करपली. संध्याकाळी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. रात्रीची बस गेली तेव्हा मी कोणाच्या तरी हातातून बाळाला दुपट्यासकट घेत होते.

सोमवारी सकाळी आंघोळीला घरी आले आणि भीत भीत लॅपटॉप उघडला. पुन्हा जोडला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. लिनक्स माझं नाव विचारत होता. सगळं बसलं होतं, सगळं जागच्या जागी. आक्कांनी बंद केली ती माझी खिडकी. यंत्र तिकडं पुण्यात आपलं काम करत राहिलं. फाट्यावर निरोप द्यायला आलेला माणूस घरी परतला म्हणून जीप थांबत नाही. ही गोष्ट मी नव्या पोरांना वर्गात शिकवलेली होती. आदल्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तिच्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

मॅडमना फोन केला. त्या आनंदानं ओरडल्या. “काय चुकत होतं, ताई?”

“फार जुनं होतं,” मी म्हटलं. “मॅडम, तिकीट फुकट गेलं. आणि मी महिनाभर येत नाही.”

त्यांनी काहीतरी विचारलं, नेट अडकलं, मी परत विचारलं नाही. ते नसलेलं यंत्र अजूनही चालतंय असं ऐकते. नात आता पहिलीत आहे. “आजी, सातमधून जिरं आणू?” असं विचारते, आणि आक्का कपाळाला हात लावतात.

त्या सोमवारी दवाखान्यात परत गेले तेव्हा प्रज्ञा जागी होती. या वेळी तोंड भिंतीकडं नव्हतं.

“बस कितीची?”

“नाही जात.”

तिनं बाळ माझ्याकडं सरकवलं. त्याच्या एवढ्याशा मनगटाला दवाखान्याची पट्टी होती. तिच्यावर प्रज्ञाचं नाव आणि नावाला लागून आकडे. आकड्यांची जन्माची सवय, मी चष्मा सावरून ते वाचायला वाकले.

“ते सोड,” प्रज्ञा थेट माझ्या कढईवरच्या आवाजात म्हणाली. “ते वाचायचं नसते.”

मी चष्मा काढून ठेवला आणि नातीचं तोंड पाहिलं.